हरंगुळ: छोट्या लाईनचा वारसा, मोठ्या लाईनचा कारखाना

लातूरहून कुर्डूवाडीकडे गाडी निघाली की पहिलं स्टेशन लागतं हरंगुळ. लातूर तालुक्यातलं गाव, शहराला जवळजवळ चिकटलेलं. या गावाच्या शिवारात आज मराठवाडा रेल्वे कोच कारखाना उभा आहे आणि हरंगुळहून पुण्याला गाडी सुटते. ज्या मार्गावर हे स्टेशन आहे तो मूळचा अडीच फुटी रुळांचा, म्हणजे बार्शी लाइट या जुन्या छोट्या रेल्वेचा. त्या छोट्या लाईनचं इथे आता जवळजवळ काही उरलेलं नाही.

मराठवाड्यात जुन्या स्टेशनांच्या पुनरुज्जीवनाची चर्चा निघाली की बहुतेक वेळा दगडी इमारत, कौलारू छप्पर, पितळी घंटा यांच्यापाशी थांबते. हरंगुळचं प्रकरण मला वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचं वाटतं. इथे जुनी इमारत जपून स्टेशन जिवंत झालं, असं घडलेलं नाही. काम परत आलं म्हणून स्टेशन जिवंत झालं. इतिहास मात्र त्या कामासोबत परत आला नाही. आणि या मार्गाचा इतिहास मुळात रेल्वेचे डबे कसे बांधावेत याचाच आहे, त्यामुळे ही चुकामूक फार जिव्हारी लागते.

कापूस, बैलगाड्या आणि एक इंजिनिअर

जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) कंपनीची मुंबई–मद्रास लाईन सोलापूरमार्गे गेली, तेव्हा बार्शी बाजूला पडली. बार्शी हे कापसाचं मोठं पेठेचं गाव. स्वतः ब्रिटिश मुलखात, पण भोवताली निजामाचा मुलूख. बालाघाटावरचा कापूस आणि गळिताचं धान्य उतरून तिथेच यायचं. बार्शीहून रेल्वेपर्यंतचं अंतर होतं सुमारे 35 किलोमीटर. त्या स्टेशनाला तेव्हा बार्शी रोड म्हणत, आजची कुर्डूवाडी. कापसाच्या गाठी बैलगाड्यांनी एवढा पल्ला तोडायच्या, आणि काळ्या मातीच्या मुलखात पावसाळी रस्ता म्हणजे काय हे इथल्या माणसाला सांगायला नको.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर 1882 पासून जीआयपीत लोको निरीक्षक होता. त्याने ही अडचण पाहिली आणि तिच्यावर अरुंद रुळांचा उपाय सुचवला. नोकरी सोडून, भांडवल जमवून 1895 साली त्याने लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी काढली. 1897 मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. मोठ्या लाईनचं, म्हणजे ब्रॉडगेजचं, अंतर असतं 1676, त्याच्या निम्म्याहूनही कमी.

इथे जरा थांबायला हवं, कारण या लाईनचं खरं मोल यातच आहे. छोटी लाईन स्वस्त का पडते? रूळ हलके असतात, भराव कमी लागतो, वळणं आखूड घेता येतात. पण त्या काळी छोटी लाईन म्हटली की डबेही छोटे, चारचाकी, आणि त्यांचं स्वतःचं वजन इतकं की मालाला जागाच उरत नसे. म्हणजे रूळ टाकताना वाचलेला पैसा रोजच्या वाहतुकीत हातचा जायचा. कॅलथ्रॉपने प्रश्न उलट्या बाजूने सोडवायला घेतला. हलक्या रुळावर एका आसाचा भार 5 टनांच्या वर जाता कामा नये, ही मर्यादा त्याने आधी ठरवून टाकली आणि मग इंजिनापासून मालडब्यापर्यंत सगळं त्या मापात बसवलं. इंजिन जड असतं, म्हणून त्याची जोडलेली चाकं आठ केली आणि मागे चार चाकांचा आधार दिला. लीड्सच्या किटसन कंपनीने ही इंजिनं बांधली. मालडब्यांना दोन्ही टोकांना बोगी, म्हणजे दोन-दोन आसांचे वळणारे चाकगाडे, दिल्या. चार आस म्हटले की डबा आणि माल मिळून 20 टन. डब्याचा सांगाडा दाबून घडवलेल्या पोलादाचा, म्हणून हलका. उरलेलं वजन सगळं मालाचं. गाडीत रिकामं वजन कमी आणि कमाईचं वजन जास्त, हा हिशेब त्याने इतका काटेकोर केला होता की डबे हिंदुस्थानात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे चाचणीसाठी रूळ टाकून जाणकारांना ते चालवून दाखवले गेले.

म्हणजे विलायतेत अरुंद रुळांचे डबे कसे असावेत यावर खल चालू होता, तेव्हा त्याचं उत्तर आपल्या कापसाच्या गाठींसाठी तयार झालं. हाच कॅलथ्रॉप पुढे विमानातून उडी मारण्याच्या हवाई छत्रीच्या मागे लागला आणि त्याची 'गार्डियन एंजल' नावाची छत्री पहिल्या महायुद्धात वापरली गेली, हे सहज जाता जाता. त्याचं काम एवढ्या तोडीचं होतं, आणि लातूरच्या पोराला त्याचं नावही माहीत नसतं, याची खंत वाटते.

निजामाच्या मुलखात

बार्शीच्या पुढे लाईन वाढली ती निजामाच्या हद्दीतून. 1907 च्या सुमारास ती तडवळ्यापर्यंत आली आणि 1911 साली लातूरला पोचली. दुसऱ्या अंगाने 1906 मध्ये पंढरपूर आणि 1927 मध्ये मिरज जोडलं गेलं. लातूर ते मिरज सगळी मिळून सुमारे 325 किलोमीटर. लाईन मिरजेला टेकली त्याच साली कॅलथ्रॉप वारला.

लातूरच्या टापूतून ही लाईन गेली तो मुलूख वाहतुकीला नवखा नव्हता. धाराशिवजवळचं तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात तगरचा उल्लेख आहे: इथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचं. पुढे तेर गोरोबाकाकांचं गाव म्हणून ओळखलं गेलं. कापूस, कापड, गाडीवाट आणि पंढरीची वाट या चार गोष्टी या पट्ट्यात एकमेकींत गुंतलेल्या आहेत. आषाढीला बार्शी लाइटच्या टपावर बसून पंढरपूरला गेलेल्या वारकऱ्यांच्या आठवणी त्यामुळेच घरोघर निघतात.

लातूरचा मोंढा या लाईनीवर वाढला. रेल्वे आल्यावर सहा वर्षांनी, 1917 साली, गंजगोलाईची मधली इमारत उभी राहिली. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी भोवतीच्या रस्त्यांसह तिचा आराखडा केला होता. ज्या गावाला माल उचलायला रेल्वे नाही, ते एवढी गोल पेठ कशाला आखेल? आडत, तोलाई, हमाली, जिनिंग, पुढे डाळीच्या गिरण्या, या सगळ्याची जोड छोट्या लाईनशी आहे. लातूरच्या तूरडाळीचा आज देशभर बोलबाला आहे, पण त्या नावाचा पाया मोंढ्याइतकाच मालधक्क्यावरही पडला, असं माझं मत आहे.

लाईन केवळ माल नेत नव्हती. निजामाच्या मुलखात पहिल्या टप्प्यात ती जिथपर्यंत आली त्याच कसबे तडवळ्यात 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद झाली. निजामी राजवटीत, एका खेड्यात, शेकडो वर्षांच्या वतनाच्या जोखडाविरुद्ध माणसं एकत्र आली. या टापूतल्या कोणत्याही स्टेशनाचा इतिहास लिहायचा झाला आणि त्यात तडवळ्याचं पान नसलं, तर तो इतिहास अर्धवट राहील.

छोट्या लाईनचा उतार

1 जानेवारी 1954 रोजी सरकारने बार्शी लाइट विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत सामील झाली. तोवर लाईनीचं मूळ दुखणं उघडं पडलं होतं. लातूरहून निघालेलं पोतं मुंबईला जायचं तर कुर्डूवाडीला छोट्या डब्यातून उतरवून मोठ्या डब्यात चढवावं लागे. दुहेरी हमाली, गळती, वेळ. डबा कितीही हुशारीने बांधलेला असो, रुळाची रुंदी बदलली की त्याची हुशारी तिथेच संपते. शिवाय रस्ते सुधारले. निजामाच्या रेल्वेने 1932 पासूनच बस चालवायला घेतल्या होत्या. पुढे एसटी आली, मग ट्रक आले. ट्रक मोंढ्यातून उचलतो आणि थेट भिवंडीला किंवा इंदूरला उतरवतो. त्यापुढे छोटी लाईन टिकणं कठीणच होतं.

प्रवाशांना मात्र तिचा लळा होता. धावत्या गाडीतून उतरावं, शेतातला हरभऱ्याचा ढाळा उपटावा आणि पुन्हा डब्यात चढावं, अशा गोष्टी अजून रंगवून सांगितल्या जातात. त्यात खरं किती ते सोडा, पण ज्या गाडीबद्दल लोक अशा गोष्टी रचतात ती गाडी त्यांच्या घरातली झालेली असते.

मग गेज बदलाचं, म्हणजे छोटे रूळ काढून ब्रॉडगेज टाकायचं, काम आलं. लातूर ते उस्मानाबाद ब्रॉडगेज सप्टेंबर 2007 मध्ये सुरू झालं आणि उस्मानाबाद ते कुर्डूवाडी ऑक्टोबर 2008 मध्ये. जुनी लाईन उस्मानाबाद शहराला टाळून येडशीवरून जायची. नव्या लाईनीची आखणी बदलून जिल्ह्याचं ठिकाण जोडलं गेलं. हा निर्णय बरोबरच होता. शंभर वर्षं जिल्ह्याच्या गावाला रेल्वे नसावी हा अन्यायच होता. पण आखणी बदलली की जुन्या वाटेचा तुकडा मागे उरतो. त्यावरचे छोटे पूल, मोऱ्या, भराव, क्वार्टर यांचं काय करायचं हा प्रश्न गेज बदलाच्या कागदात कुठेच नसतो. रूळ भंगारात जातात, भराव शेतात मिसळतो, दगड कुणाच्या तरी जोत्याला लागतात. यात कुणाची वाईट नियत नसते. नोंद करायचं काम कुणाकडेच सोपवलेलं नसतं, एवढंच.

मिरजेचं पाणी

ब्रॉडगेजचं मोल लातूरला 2016 च्या उन्हाळ्यात कळलं. मांजरा धरण कोरडं पडलं, शहराच्या नळाला पाणी येईना. तेव्हा मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन रेल्वे आली. कोटा इथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये टँकर आतून स्वच्छ करून घेतले होते. 12 एप्रिलला पहाटे पहिली गाडी लातूरला लागली तेव्हा दहा टँकरमध्ये सुमारे 5 लाख लिटर पाणी होतं. पुढे पन्नास टँकरची गाडी येऊ लागली, एका खेपेला 25 लाख लिटर.

मिरज, पंढरपूर, कुर्डूवाडी, बार्शी, लातूर: पाण्याची गाडी आली ती बार्शी लाइटच्याच मार्गाने, फक्त रुंद झालेल्या रुळांवरून. पंढरपूर–मिरज पट्ट्यातलं गेज बदलाचं काम 2011 मध्ये पुरं झालं होतं. ते पाच वर्षं रखडलं असतं तर पंढरपूरला पाणी एका गाडीतून दुसऱ्या गाडीत उपसत बसावं लागलं असतं. छोट्या लाईनीसाठी हळहळणाऱ्या आम्हा सगळ्यांनी हे लक्षात ठेवलं पाहिजे. गेज बदलायलाच हवं होतं. नोंद न ठेवता बदललं, ही तक्रार आहे.

हरंगुळला काम आलं

31 मार्च 2018 रोजी हरंगुळच्या शिवारात कोच कारखान्याचं भूमिपूजन झालं. रेल विकास निगम या रेल्वेच्या सरकारी कंपनीने तो बांधला. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला 250 डब्यांची. 25 डिसेंबर 2020 रोजी, कोरोनाच्या वर्षात, डब्याचा पहिला सांगाडा बाहेर आला. त्यानंतर गावाने बरीच वाट पाहिली, कारण सांगाडा तयार होणं आणि ऑर्डर हातात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सप्टेंबर 2023 मध्ये वंदे भारत शयनयान गाड्यांचा करार झाला. रेल विकास निगम आणि रशियाची रेल्वेडबे बांधणारी कंपनी टीएमएच यांच्या भागीदारीतून 1,920 डबे लातूरच्या या कारखान्यात बांधायचे आणि पुढे 35 वर्षं त्यांची देखभाल करायची. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हरंगुळ–पुणे गाडी सुरू झाली.

स्टेशनाच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. लहान स्टेशन मरतं ते बहुधा गाडी थांबायची बंद होते म्हणून. इमारत पडायला त्यानंतर बरीच वर्षं लागतात. हरंगुळला उलटं घडलं: गाडी इथूनच सुटू लागली. पुण्याला शिकणारी मुलं, चाकणला कामाला असलेली पोरं, दवाखान्यासाठी जाणारी म्हातारी माणसं यांच्यासाठी हे स्टेशन आता नकाशावर आहे. वारसा जपण्याच्या कोणत्याही योजनेपेक्षा एका नियमित गाडीने स्टेशनाचं जास्त भलं होतं, हा या प्रकरणातून निघणारा पहिला निष्कर्ष मी ठामपणे मांडतो. गाडी शहराबाहेरून सुटत असली की घरापासून स्टेशनपर्यंतची वाटही प्रवासातच धरायची असते. गाडीच्या वेळेला शहरातून बस, फलाटाकडे येणारा उजेडाचा रस्ता, बायकांसाठी स्वच्छ आणि उघडं असलेलं प्रसाधनगृह, प्यायचं पाणी: कुठल्याही खेड्यातल्या स्टेशनाचं पुनरुज्जीवन तपासताना मी हेच आधी पाहीन.

रोजगाराचं सांगायचं तर कारखाना आपल्या गावात असणं आणि आपलं पोरगं कारखान्यात असणं यात अंतर असतं. वेल्डिंग, फिटिंग, वायरिंग, रंगकाम यांतली कौशल्यं डब्याच्या मापाची लागतात. लातूर आणि धाराशिवच्या आयटीआयमधून त्या तोडीचं शिक्षण मिळालं तरच जमीन दिलेल्या गावाला कारखाना आपला वाटेल.

राहिलेलं अर्धं

आता वारशाकडे. या मार्गावरची कुर्डूवाडी, धाराशिव आणि लातूर ही स्टेशनं रेल्वेच्या स्टेशन सुधारणेच्या अमृत भारत योजनेत आहेत. या योजनेत फलाट, छत, प्रवेशद्वार, पार्किंग, लिफ्ट येतात, आणि यायलाच हवीत. पण मधल्या लहान स्टेशनांवर पूर्वी काय होतं हे कुणी सांगावं, ही अपेक्षा त्या योजनेकडून धरण्यात अर्थ नाही.

हरंगुळकडे मात्र सांगण्यासारखी अशी गोष्ट आहे जी देशात दुसऱ्या कुठल्या कोच कारखान्याला क्वचितच लाभेल. ज्या मार्गाने हलक्या पोलादी सांगाड्याचे, समान भाराचे डबे 1897 मध्ये रुळावर आणले, त्याच मार्गावर आज ताशी 160 किलोमीटरने धावायच्या गाडीचे डबे बांधायचे आहेत. प्रश्न तोच आहे: कमी वजनाचा सांगाडा, आसावर ठरलेला भार, जास्तीत जास्त कमाईचं वजन. कारखान्यात पहिल्या दिवशी येणाऱ्या शिकाऊ पोराला कॅलथ्रॉपची ही गोष्ट सांगितली तर त्याला कळेल की आपण कुठल्या कामाच्या परंपरेत पाऊल टाकतोय, आणि ही परंपरा चेन्नईच्या किंवा कपूरथळ्याच्या कोच कारखान्यातून उसनी आणलेली नाही.

यासाठी मोठं संग्रहालय नको. फलाटाच्या एका कोपऱ्यात 762 आणि 1676 मिलिमीटरचे रुळांचे दोन तुकडे शेजारी-शेजारी बसवले तरी लहान मूलसुद्धा फरक ओळखेल. कुर्डूवाडीचं वर्कशॉप अजून आहे. बार्शी लाइटसाठी तिथे रुजलेला नॅरोगेजचा हात पुढे माथेरानच्या गाडीच्या कामाला लागला. तिथे एखादी जुनी बोगी, एखादा सांगाडा मिळाला तर तो हरंगुळला कारखान्याच्या फाटकाबाहेर, गावाला जाता-येता दिसेल असा ठेवावा. फाटकाच्या आत ठेवला तर तो पाहुण्यांपुरता राहील. एक स्थानक एक उत्पादन योजनेतला ठेला मिळाला तर त्यावर बोरसुरीची तूरडाळ आणि पानचिंचोलीची चिंच असावी. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे आणि दोन्ही याच जिल्ह्यातल्या आहेत.

त्याहून तातडीचं काम वेगळं आहे. छोटी लाईन बंद होऊन दोन दशकं व्हायला आली. तिच्यावर गँगमन, पॉइंट्समन, फायरमन, गार्ड म्हणून राबलेली माणसं अजून लातूर, मुरूड, ढोकी, येडशी, बार्शी, कुर्डूवाडीत राहतात. पावसात भराव कसा सांभाळायचा, घाटात इंजिनाला वाळू कधी द्यायची, वारीच्या दिवसांत टपावरच्या माणसांना पुलाआधी कसं वाकायला लावायचं, हे ज्ञान कुठल्याही छापील नियमावलीत नाही. ते आवाजात नोंदवून घ्यायला एक मोबाइल आणि ऐकणारा माणूस पुरतो. महाविद्यालयातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी एका उन्हाळ्यात हे काम हाती घ्यावं. सोबत येडशी ते लातूर जुन्या वाटेच्या उरलेल्या मोऱ्या आणि भरावांचे फोटो, गट नंबरासह, तलाठ्याच्या नकाशावर टिपावेत. पुढच्या पाच-सात वर्षांत प्लॉटिंगखाली गेलेल्या खुणा परत सापडणार नाहीत.

परवानगीच्या बाबतीत हरंगुळचं नशीब चांगलं आहे. मराठवाड्यातली बहुतेक स्टेशनं दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतात, पण लातूर, हरंगुळ, धाराशिव, बार्शी आणि कुर्डूवाडी हा सगळा पट्टा मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात आहे. बोगी जिथे मिळू शकते ते ठिकाण आणि ती जिथे ठेवायची ते ठिकाण, दोन्ही मध्य रेल्वेतच आहेत. हरंगुळच्या ग्रामसभेने ठराव करून मध्य रेल्वेकडे अर्ज आधी पाठवावा.